दगडी बायकांच्या वेण्या

२९ एप्रिल २००२, सोमवार

चार दगडी बायका. पाठमोऱ्या. डोक्यावर देवळाचं छप्पर घेऊन उभ्या. झेरॉक्स इतकी काळी आलीय की वेणी कुठली आणि सावली कुठली ते कळत नाही. धम्मदीप सर म्हणाले, "करुणाताई, केस अस्सेच पाहिजेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत."

मी म्हटलं, "पुढनं कसे दिसतात?"

"पुढचा फोटो नाही मिळाला."

म्हणजे नमुना अर्ध्या डोक्याचा, आणि डोकं मात्र मी पुरं करायचं.

सर दौंडला शाळेत शिकवतात. सुट्टीत इकडं शिरूरला आईकडं येतात, आमच्याच वस्तीत. यंदा बुद्धपौर्णिमेला विहारापुढं नाटक करायचं ठरवलंय. स्वतःच लिहिलंय — एक यवन राणी एका भिक्खूला प्रश्न विचारते. यवन म्हणजे ग्रीक, हे सर दिवसातनं एकदा तरी कुणाला ना कुणाला समजावून सांगतात. राणी आमची दीक्षा. दहावीचा शेवटचा पेपर दिल्यापासून लोळतेच आहे. शिवाय दोन दासी. एकूण तीन डोकी. पुढच्या खोलीत पार्लर माझं, म्हणून केसांचं काम माझं. कुणी विचारलं नाही. सांगितलं.

"छान अंबाडा घालते, वर सोनेरी लेस लावते," म्हटलं. चहात मीठ पडल्यासारखं तोंड केलं सरांनी.

"अंबाडा नको ताई. दरवर्षी लोक म्हणतात, ह्यांचं नाटक म्हणजे नुसतं भाषण. कुणी उठून जातं, कुणी शेंगा खातं. यंदा पडदा उघडला की सगळे गप्प बसले पाहिजेत."

आणि त्यांना गप्प बसवायचं माझ्या पिनांनी. बरं.

१ मे, बुधवार

पहिला दिवस वाया.

दीक्षाचे केस कमरेखाली. दाट. लहानपणापासून खोबरेल चोपडून मीच वाढवलेत, आणि आज त्याच खोबरेलानं माझा जीव खाल्ला. पिन लावली की सटकते. दगडी बाईच्या पाठीवर एक जाड वेणी आहे, खजुरीची — तेवढं दिसतं. बाकी कानामागनं काहीतरी निघून डोक्याभोवती गेलंय. वेणी आहे का नुसता पीळ आहे? भिंगातनं बघितलं. भिंगातनं काळे ठिपके मोठे दिसतात, एवढंच.

शिकेकाईनं धुतले. वाळवले. आता तर इतके भुसभुशीत की मुठीत राहीनात. चार वाजता लाइट गेली. पंखा बंद, दीक्षा रडकुंडीला. "मम्मी, मला दासी कर. दासीचं भाषण पण कमी आहे."

आत्या कोपऱ्यात गोधडी शिवत बसलेल्या. बोलल्या काहीच नाहीत. पण बघत होत्या. एक टाका घालायचा, की एकदा बघायचं. मला कुणी असं बघत बसलं की हात चालत नाही.

३ मे, शुक्रवार

शुक्रवारचा वैताग वेगळाच.

आत्या म्हणजे दीक्षाच्या पप्पांच्या सख्ख्या आत्या, सोजरबाई. बासष्ट वर्षांच्या. डोक्यावर जट. मनगटाएवढी जाड, चुंबळीसारखी गुंडाळून वर बांधलेली. सोडली तर गुडघ्यापर्यंत येईल. त्यावर कायम पदर. उन्हाळ्यात वास येतो. वजनानं मान एका अंगाला कललेली. कुशीवर निजता येत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. घरात सांगतात ते असं — कवठे येमाईला दिल्या होत्या, चोविसाव्या वर्षी देवीची जट आली. देवीची बाई म्हणून नवऱ्यानं लांब ठेवलं, मग दुसरी केली, आणि ह्यांना निमोण्याला माहेरी आणून सोडलं. जटेनं बाईचा संसार खाल्ला. तेव्हापासून भावाकडं. भाऊ गेल्यावर भाच्याकडं, म्हणजे आमच्याकडं.

घर बौद्धांचं. भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब. आणि दर शुक्रवारी बायका येतात आत्यांच्या जटेला हळदकुंकू लावायला. दीक्षाचे पप्पा कंपनीतनं यायच्या आत मला फरशी पुसून घ्यावी लागते.

आज निमोण्याच्या सविताताई आल्या. मोठे बागायतदार. भुवया करून घेतल्या. पार्लरला येतात, पण आमच्या घरचं पाणी घेत नाहीत. "आत्ताच घेतलं घरनं." चार वर्षं झाली, दर वेळी आत्ताच घेतलेलं असतं. आणि जाताना आत्यांपुढं वाकल्या, पायावर डोकं ठेवलं. माझा पेला चालत नाही, आत्यांचे पाय चालतात. आत्यांनी नुसता हात वर केला, जसं काही खरंच त्यांच्या हातात काही आहे.

दोघींचा राग मी दीक्षाच्या केसांवर काढला. पोरगी ओरडली.

५ मे, रविवार

विहारात कमिटीची मीटिंग. दीक्षाचे पप्पा सेक्रेटरी. अध्यक्ष रखमाजी मामा सगळ्यांदेखत म्हणाले म्हणे, "महेंद्रा, नाटकातला भिक्खू सांगणार, तपासून बघा आन् मगच माना. आन् सेक्रेटरीच्या घरात जट. कसं व्हायचं?" सगळे हसले.

हे घरी आले ते लालबुंद होऊन. आत्यांपुढं उभे. "आत्या, उद्या कात्री आणतो. लई झालं."

आत्यांनी सुईवरनं नजर हलवली नाही. "आन की. पयला माझा गळा काप. मंग क्यास."

मागं दोनदा अंधश्रद्धेवर काम करणारी शिकलेली माणसं आणून बसवली होती ह्यांनी. चांगली माणसं, समजुतीनं बोलत होती. आत्यांनी एकदा ऐकून घेतलं आणि दुसऱ्यांदा दार लावून घेतलं. आजही जेवल्या नाहीत. हेही जेवले नाहीत. भाकरी मी आणि दीक्षानं खाल्ली.

वर ह्यांनी मलाच ऐकवलं — "तू पार्लरवाली ना? सगळ्या गावाची डोकी सुधारतीस. घरातलं एक डोकं सुधारता येईना?"



८ मे, बुधवार

केस कुरळे करायच्या रॉडनं दीक्षाची कानाजवळची बट जाळली. मीच. चार बोटं लांब केस गेले. घरभर वास. पोरगी आरशात बघून उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत आतच.

दगडी बायकांच्या केसांना लाटा आहेत. त्या रॉडनं येत नाहीत, हे कळायला बट गेली. आता ओल्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून ठेवल्यात. उद्या सोडून बघू.

९ मे, गुरुवार

लाटा आल्या. हुबेहूब. दीक्षा आरशात बघून हसली आणि मग आठवलं की आपण रुसलोय.

पिना अजून सटकतातच.

१२ मे, रविवार

सर दौंडहून दुसरी झेरॉक्स घेऊन आले. एका रिटायर रेल्वेवाल्याकडं जाडजूड पुस्तक सापडलं म्हणे. त्यात बाई पुढनं आहे. आता सगळं कळलं. मधोमध भांग. दोन्हीकडं लाटा. कानामागनं दोन वेण्या निघतात आणि डोक्याला वेढा घालतात. खाली ती जाड खजुरीची. आणि आता नवीन कटकट — पुढं छातीवर दोन-दोन पिळाच्या बटा.

"बटापण पाहिजेत का सर?"

"दिसतायत ना ताई फोटोत."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "सर, त्या बायका दगडाच्या आहेत. त्यांचे केस सुटत नाहीत. माझ्या पोरीला चालायचंय, वाकायचंय, भिक्खूला नमस्कार करायचाय."

सर शांत माणूस. म्हणाले, "पण ताई, कारागिरानं कुणीतरी खरी बाई समोर बसवूनच घडवल्या असतील ना? तिचे केस कुणीतरी केलेच असतील."

गेले ते. मी फोटो घेऊन बसले. खरं आहे. कुणीतरी केले असतील. माझ्यासारखीच कुणी, तिलाही वरनं सांगितलं असेल, अस्सेच पाहिजेत. पिना होत्या का तिच्याकडं? रबर तर नव्हतेच. मग कशानं धरले गं बाई तू?

१९ मे, रविवार

लाजेनं मान वर होत नाही.

विहारापुढं रंगीत तालीम. दीक्षाच्या डोक्यात अडतीस पिना. मागची वेणी जाड दिसावी म्हणून गंगावन लावलेलं. राणी भिक्खूपुढं वाकली — आणि वेढ्याच्या दोन्ही वेण्या सुटून तोंडावर आल्या, आणि गंगावन निघून सरळ भिक्षापात्रात पडलं. भिक्खू झालेला पोस्टातला क्लार्क, त्याला हसू आवरेना. दासी खाली बसल्या हसून हसून. रखमाजी मामा म्हणाले, "राणीनं दान दिलं."

सर हसले नाहीत. "अजून सात दिवस आहेत," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी सांगून टाकलं, मी नाही करत. तिघींच्या डोक्यावर ओढणी घाला, ग्रीक देशात ओढणी होती म्हणावं. दीक्षा म्हणाली, "मम्मी, पडलं माझं. तुझं नाही पडलं." आणि रडली.

२० मे, सोमवार

तरी सकाळी परत बसवली तिला. पिना तोंडात धरून उभी होते. कोपऱ्यातनं आत्या बोलल्या. केसांबद्दल तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"पिना कशाला खुपसती? त्या काय धरत्यात व्हय. शिव की."

"काय शिवू?"

"क्यास."

माझं टाळकं आधीच सटकलेलं. म्हटलं, "आत्या, गोधडी नाही ही. पुण्याला जाऊन कोर्स केलाय मी. तुम्ही चाळीस वर्षांत डोक्याला फणी लावली नाही. मला केस शिकवू नका."

बोलून गेले. दीक्षा माझ्याकडं बघायला लागली. आत्यांनी दोरा दातानं तोडला आणि गोधडी उलटी करून पुढची ओळ धरली.



२१ मे, मंगळवार

पिना परत सटकल्यावर मीच म्हणाले, "आत्या, कसं शिवायचं?"

त्या उठल्या. गोधडीची बोथट सुई, काळा लोकरीचा दोरा. मी वेण्या धरल्या, त्यांनी टाके घातले. मला वाटलं होतं गोधडीसारखे भराभर घालतील. तसं नाही. आधी बोटानं चाचपून बघायच्या, खालचे केस किती घ्यायचे, कातडीला ओढ बसते का, दीक्षाचा चेहरा कसा होतोय. टाका वेणीच्या पोटातनं. गाठ कानामागं, दिसूच नये अशी. मी पार्लर चालवते आणि मला ही समज नाही, असं वाटायला लागलं.

"कुठं शिकलात?"

"गोधड्या."

झाल्यावर दीक्षा उड्या मारायला लागली. वाकली. पळाली. ओणवी होऊन डोकं उलटं करून हलवलं. एक केस हलला नाही. सोडवायला गाठ कापायची, दोरा ओढायचा, सगळं मोकळं.

मला आनंद झाला, पण त्याआधी राग आला. तीन आठवडे ही बाई कोपऱ्यात बसून बघत होती. तसं म्हटलं तर म्हणाल्या, "तू इचारलं न्हाईस."

कालच्या बोलण्याबद्दल मी काही बोलले नाही. चहा आधी त्यांना दिला.

२४ मे, शुक्रवार

सविताताईंनी दीक्षाचं डोकं बघितलं आणि बघतच राहिल्या. तिच्याभोवती एक फेरी मारली. ९ जूनला त्यांच्या नणंदेचं लग्न आहे. "असंच करायचं माझ्या नणंदेचं. काय म्हणत्यात ह्याला?"

"ग्रीक."

"कुठलं म्हणायचं ते? मुंबईकडं का?"

पूर्ण लग्नाचं काम दिलं मला. नवरी आणि घरच्या सगळ्या बायका. निमोण्याच्या त्या घरात पार्लरवाली म्हणून जाणारी आमच्यातली मी पहिलीच. हे मी दोनदा मनात म्हटलं आणि मग आपल्याच मनाचा राग आला.

पाणी घेतलं नाहीच.

२६ मे, रविवार, बुद्धपौर्णिमा

दुपारपासून तीन डोकी. आत्या शिवत होत्या, मी बटा पिळत होते. आत्यांच्या दवाखान्यातल्या गोळीची वेळ चुकली, कुणालाच आठवलं नाही, त्यांनाही नाही.

पडदा म्हणजे दोन चादरी. त्या सरकल्या. सरांनी दीक्षाला मुद्दाम पाठमोरी उभी केली होती. पांढरं कापड, आणि पाठीवर ती वेणी. मांडवात शेंगा फोडल्याचा आवाज नाही. मग ती वळली, आणि मागनं कुणी बाई म्हणाली, "अगं बया, ही करुणाची दीक्षा?"

पोरगी नीट बोलली. एका जागी अडखळली, पण राणीसुद्धा अडखळली असती. वाकून नमस्कार केला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. काही पडलं नाही.

नंतर रखमाजी मामांनी माइक घेतला तो चाळीस मिनिटं. मांडववाल्याचे आभार, लाइटवाल्याचे, सरपंचांचे, ज्यानं सतरंज्या उचलल्या त्याचे. केसांचं नाव नाही. माझं नाही, आत्यांचं तर नाहीच. सर दौंडला परत प्रयोग करायचा म्हणतायत, २ जूनला. म्हणजे आणखी एकदा तीन डोकी.

पण गप्प बसले होते सगळे. मी ऐकलंय ते गप्प बसणं.

२८ मे, मंगळवार

कवठ्याहून बन्सी आला. आत्यांच्या नवऱ्याचा पुतण्या. दारातच उभा राहिला. "काकू, मच्छिंद्रनाना गेलं. पौर्णिमेच्या दिशी. काल माती झाली."

आत्या सुईत दोरा ओवत होत्या. ओवला. "नक्की?"

"व्हय काकू. मी हुतो मातीला."

"जाळला का पुरला?"

बन्सी माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "जाळलं."

"तू बघितला?"

"बघितला काकू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा गेल्याचा निरोप घेऊन माणूस आलाय आणि ही बाई पोलिसासारखं विचारतेय. बन्सी म्हणाला, "जलदानाच्या कार्याला या." आत्या म्हणाल्या, "न्हाई येत. च्या घेऊन जा."

तो गेल्यावर भिंतीला टेकून झोपल्या. दुपारी जेवायला उठल्या नाहीत. पाच वाजता मी हलवलं तेव्हा जाग्या झाल्या. दिवसा झोपलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

२९ मे, बुधवार

शेजारची बानूबाई सांत्वनाला आली. आत्या गोधडी शिवताना गुणगुणत होत्या. बानूबाई तशीच माघारी गेली, आता वस्तीभर सांगेल. काळीज आहे का दगड आहे या बाईला? अडतीस वर्षं वेगळे राहिले, मान्य. पण नवरा होता.

३० मे, गुरुवार

सकाळी पार्लर झाडायला गेले तर आत्या खुर्चीत. आरशापुढं. पदर खांद्यावर, जट सोडून पाठीमागं लोंबलेली.

"धारवाली कात्री हाय का?"

"कशाला?"

"डोकं हलकं कर."

मी तीनदा विचारलं. नक्की? आणि देवी? म्हणाल्या, "देवीचं म्या बघती. तू कात्री घे."

माझ्या कात्र्या चालेनात. शेजारच्या टेलरची मोठी आणली. मुळाशी थोडं थोडं करत कापत गेले, ओला कासरा कापावा तसं. दोन तास. दीक्षा त्यांचा हात धरून उभी होती. खाली कातडी पांढरीफटक, मानेवर जुन्या जखमा. आत्यांनी डोळे मिटलेले, एकदाही हाय केलं नाही. शेवटचा भाग तुटला आणि जट फरशीवर पडली तेव्हा आवाज झाला. दीक्षानं दोन्ही हातांनी उचलली.

कोमट पाण्यानं, रिठ्यानं दोनदा डोकं धुतलं. दोन बोटं पांढरे केस राहिले. मान अजून कललेलीच आहे, जणू वजन आहेच. आत्यांनी मानेवर मागं हात फिरवला. परत फिरवला.

"वारं लागतंय," म्हणाल्या.

जट कुठं टाकायची विचारलं. "बंबात." माझा हात धजेना. मी देव मानत नाही, तरी धजेना. त्यांनीच उचलली आणि बंबात घातली, लाकूड घालावं तशी. त्याच पाण्यानं अंघोळ केली.

३१ मे, शुक्रवार

आज सगळ्यांनी मिळून माझं डोकं खाल्लं.

दीक्षाच्या पप्पांना पाय जमिनीवर नाहीत. "शेवटी पटलं ना? नाटकात भिक्खू बोलला ते लागलं आत्याला." सगळ्या वस्तीला सांगून आले. सरांचा पण फोन आला बूथवर, दौंडच्या कार्यक्रमात आत्यांचा सत्कार करायचा म्हणे. आत्यांना कुणी विचारलं नाही. सांगितलं.

अकरा वाजता सविताताई आल्या, लग्नाचं ठरवायला. आत्यांचं उघडं डोकं बघितलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. "काय केलं हे तुम्ही? देवीचं काढलं? आमचं लग्नघर हाय ओ. काय वाईट झालं मंजी?" लग्नाचं काम गेलं. त्यांच्या जावेच्या माहेराकडची कुणी पार्लरवाली आहे, ती येईल.

आत्या कोपऱ्यातनं म्हणाल्या, "उन्हाचं आलाय बाई, पाणी घेता का?"

"आत्ताच घेतलं," म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारपर्यंत हळदकुंकवाच्या चार बायका दारातनं परत गेल्या. त्यातल्या दोघी माझी गिऱ्हाइकं. मी आत्यांना म्हटलं, काढायचीच होती तर ९ जूननंतर काढायची. गंमत म्हणून म्हटलं. अगदीच गंमत म्हणून नाही.

२ जून, रविवार, दौंड

प्रयोग चांगला झाला. आत्यांचे टाके पक्के.

नंतर सत्कार. जूनच्या उकाड्यात आत्यांच्या अंगावर शाल. दीक्षाचे पप्पा माइकवर बोलले — "चाळीस वर्षं माझी आत्या अज्ञानाच्या ओझ्याखाली जगली. आज ती मुक्त झाली." टाळ्या. बोलताना ह्यांचा आवाज भरून आला. खरंच आला, नाटक नव्हतं. लहानपणी आत्यांनीच सांभाळलंय ह्यांना.

आत्यांना म्हणाले, दोन शब्द बोला. आत्यांनी माइक हातात धरला, कसा धरायचा ते कळेना. म्हणाल्या, "पोरींच्या वेण्या बघा. ग्वाड झाल्यात." आणि माइक परत दिला.

मुक्काम सरांच्या ओळखीच्या घरी. उद्या सकाळची एसटी.

३ जून, सोमवार

एसटीत दीक्षा पुढं मैत्रिणींत, हे तिच्या मागं झोपलेले. आत्या खिडकीला, मी शेजारी. न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर आपणच बोलल्या. बाहेर बघत.

"जट आली न्हवती करुणे. म्या केली."

वडाचा चीक, चुलीतली राख. तीन महिने फणी नाही, रोज थोडं थोडं वळायचं. नवरा काठीनं मारायचा. दोन लेकरं पोटातच गेली. माहेरी पळून आल्या तर बापानं परत नेऊन घातलं. येमाईच्या देवळात एक जटवाली बसायची, गावातले पुरुष तिला वाट द्यायचे. तिला बघितलं आणि फणी उचलून ठेवली.

"मला कशाला भ्यातोय त्यो. देवीला भ्याला."

दुसरी बायको मेल्यावर दोनदा न्यायला आला होता निमोण्याला. दारातनंच जट बघून माघारी गेला.

मी म्हटलं, "आत्या, मग एवढी वर्षं? आम्ही इतकं सांगत होतो. तेव्हा तरी काढायची."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, दीक्षाकडं बघावं तसं.

"त्यो जित्ता हुता न्हवं."